मुलाची भीती कमी झाली, हे ओळखायचं कसं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली.

या भूकंपाचं मोजमाप लगेच झालं. यंत्रांनी सांगितलं, सहा रिश्टरच्या वर धक्का होता. किती माणसं गेली, किती जखमी झाली, किती घरं पडली, किती जनावरं दगावली, या सगळ्याचे पंचनामे झाले. ते आवश्यकच होते, कारण मदत त्याच आकड्यांवर ठरायची. पण जी लेकरं त्या ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर आली, त्यांच्या मनात बसलेल्या धसक्याचा पंचनामा कसा करायचा?

त्या काळात आलेला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक अधिकारी एक प्रश्न विचारायचा, "पोरं आता बरी आहेत ना?" आणि बहुतेक घरांतून एकच उत्तर यायचं, "हाव, बरी हायत आता." आजही मुलाला मानसिक आजारासाठी दवाखान्यात नेलं की महिना-दोन महिन्यांनी हाच प्रश्न येतो आणि हेच उत्तर मिळतं. आज मला एवढ्याच गोष्टीवर बोलायचं आहे. मूल 'बरं' आहे, हे आपण कशावरून म्हणतो? आणि ते बरोबर म्हणतोय का, हे कसं तपासायचं?

किल्लारीच्या भूकंपानंतर माणसांच्या मनाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, असं मात्र नाही. प्रताप शरण, शेखर सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपातून वाचलेल्या काही लोकांची तपासणी केली. ती १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आजार म्हणावा इतका मानसिक त्रास होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत या भागात दीर्घकाळ काम केलं. मुलांसाठी झालेलं एक मोठं काम म्हणजे शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांचं राहणं, खाणं आणि शाळा सगळं उभं केलं. मुलगा शाळेत येतो का, पास होतो का, त्याचं वजन वाढतं का, हे हजेरीपटावरून, निकालावरून आणि काट्यावरून कळतं. भीती कमी झाली का, हे कळायला असा सरळ काटा नसतो. म्हणून तो तयार करावा लागतो.

नुसती भीती आणि भीतीचा आजार

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भीती हा आजार नाही. भूकंपानंतर घरात झोपायला भिणारं मूल शहाणंच म्हणायला हवं. किल्लारीत तर कित्येक दिवस मोठी माणसंही छताखाली झोपायला तयार नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं, नव्या शाळेत पहिल्या दिवशी रडू येणं, हे सगळं वाढीचा भाग आहे.

भीतीला आजार कधी म्हणायचं? ती प्रसंगाच्या मानाने फारच मोठी असेल, कारण संपल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळत असेल आणि मुलाचं खाणं, झोपणं, शाळा, खेळ अडवून बसली असेल, तेव्हा. काही मुलांना आईपासून क्षणभर दूर होता येत नाही. काहींना चारचौघांत तोंड उघडता येत नाही. काहींची छाती अचानक धडधडते, हातपाय गार पडतात. पुष्कळ मुलं 'मला भीती वाटते' असं म्हणतच नाहीत. ती पोट दुखतं म्हणतात, डोकं दुखतं म्हणतात, आणि घरचे पोटाचं औषध देत राहतात.

या आजारावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. डॉक्टर मंडळी ज्याला सीबीटी म्हणतात, त्या पद्धतीत मुलाला त्याच्या भीतीचे विचार ओळखायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टीकडे एकेक पायरी चढवत नेतात. गरज पडल्यास औषधंही देतात. प्रश्न उपचार आहेत की नाहीत हा नाही. समोरच्या या एका लेकराला त्यांचा गुण आला का, हा आहे.

तापात आपण थर्मामीटर लावतो. क्षयाच्या रुग्णाचा खोकला थांबला म्हणून डॉक्टर औषध बंद करत नाहीत, थुंकी तपासतात. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता तर घरोघरच्या आयांना माहीत आहे. एका महिन्याच्या वजनावरून फारसं कळत नाही. दर महिन्याचे ठिपके जोडले की रेघ वर चालली आहे की खाली, ते दिसतं. मनाच्या आजारातही अशीच रेघ काढता येते.

प्रश्नावलीचा काटा

ती रेघ काढण्याचं साधन म्हणजे प्रश्नावली. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीचं नाव आरसीएडीएस आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत २५ विधानं आहेत, १५ चिंतेविषयी आणि १० उदासीविषयी. प्रत्येक विधान आपल्याला किती वेळा लागू पडतं, हे मूल सांगतं. कधीच नाही म्हटलं तर शून्य, कधी कधी म्हटलं तर एक, बरेचदा म्हटलं तर दोन आणि नेहमी म्हटलं तर तीन. त्यांची बेरीज हा त्या दिवशीचा ठिपका. भूकंप, पूर, अपघात अशा आघातानंतरच्या त्रासासाठी क्राइज-८ नावाची आठच प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. त्यातले निम्मे प्रश्न नको असलेल्या आठवणी मनात घुसण्याविषयी आहेत आणि निम्मे त्या आठवणी टाळण्याविषयी.

अशा प्रश्नावल्या पुष्कळ झाल्या, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. एक दवाखाना एक माप वापरतो, दुसरा दुसरं. मग कुठल्या उपचाराने जास्त मुलं बरी होतात, हे ताडून बघायचं कसं? गावागावांत वेगवेगळा शेर असला की बाजारात जो गोंधळ होईल, तोच इथे झाला. म्हणून आयचॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेने डॉक्टर, संशोधक आणि स्वतः आजारातून गेलेले तरुण यांना एकत्र बसवून एक किमान संच ठरवला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सहा ते चोवीस वर्षं वयाच्या मुलांची चिंता, उदासी आणि आघातानंतरचा त्रास यांच्या उपचाराचं फळ मोजण्यासाठी तो आहे. त्यात नुसती लक्षणं मोजलेली नाहीत. मूल रोजचे व्यवहार कसे करतं आणि त्याला स्वतःचं जगणं कसं वाटतं, हेही त्यात आहे.

इथवर हे सोपं वाटेल. पंचवीस प्रश्न विचारले, बेरीज केली, झालं. पण इथे फसायच्या जागा बऱ्याच आहेत.

विचारायचं कुणाला?

आपण एक उदाहरण घेऊ. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले, सौम्य धक्क्यांची नोंद झाली. समजा, अशाच एखाद्या गावात आठवीतली एक मुलगी आहे. १९९३ साली ती जन्मलेलीही नव्हती. पण आजीच्या तोंडून तिने ती पहाट शंभर वेळा ऐकली आहे. आवाज सुरू झाले आणि तिने घरात झोपणं सोडलं. आजीजवळ अंगणात झोपू लागली. शाळेत वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाईना. आवाज थांबून काही महिने झाले तरी तिची भीती काही गेली नाही. मग तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलं, समुपदेशन सुरू झालं. सहा आठवड्यांनी आई म्हणाली, "ताई, लेकरू बरं हाय आता. रडत न्हाई, त्या आवाजाचं नावबी काढत न्हाई."

आईचं म्हणणं खोटं नाही, तिला जे दिसलं ते ती सांगते आहे. पण मुलांच्या चिंतेविषयी पालक काय सांगतात आणि मुलं स्वतः काय सांगतात, यात मोठं अंतर पडतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. रडणं, हट्ट, मारामारी बाहेरून दिसते. मनातला घोर दिसत नाही. शिवाय आई आधीच काळजीत आहे, तिला आणखी त्रास नको, म्हणून कितीतरी मुलं गप्प बसतात. वर्गात तर जे मूल कोपऱ्यात मान खाली घालून बसतं, त्याला सर 'शहाणं' म्हणतात. त्याचा कुणाला त्रास नसतो ना!

म्हणून पहिला नियम, मुलाला स्वतःला विचारायचं, आणि एकटं असताना विचारायचं. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. मोठ्या मुलांच्या बाबतीत मूल, पालक आणि शक्य असेल तर शिक्षक, अशा तिघांचं वेगवेगळं ऐकायचं. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर एकाला खोटं ठरवायचं नाही. घरी बरी असणारी मुलगी शाळेत धास्तावलेली असू शकते. ती तफावतच डॉक्टरांना उपयोगाची असते.

भीती कमी झाली की टाळणं वाढलं?

दुसरी फसगत याहून मोठी आहे. त्या मुलीला विचारलं, "आता रात्री भीती वाटते का?" ती म्हणाली, "नाही." गुण शून्य. पण ती झोपते कुठे? अजून अंगणातच, आजीच्या कुशीत. छताखाली गेलीच नाही तर भीती वाटणार कशाला? शाळेत तिच्यासाठी सरांनी वर्ग खालच्या मजल्यावर आणला. सगळ्यांनी मायेनेच केलं. पण त्या मायेमुळे काट्यावर शून्य दिसलं आणि भीती होती तिथेच राहिली. चिंतेच्या आजाराचा स्वभावच असा आहे की टाळलं की तात्पुरतं बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यानेच तो मुळं धरतो.

त्यामुळे 'भीती वाटते का' याच्या जोडीला 'काय करता येतं' हेही मोजावं लागतं. किती रात्री घरात झोपली? जिना चढली का? सहलीला गेली का? तिच्यासाठी घरच्यांना काय काय बदलावं लागतंय? आजी अजून रात्रभर जागी असेल, तर उपचार पुरा झालेला नाही. यात एक गमतीशीर गोष्ट घडते. उपचार योग्य दिशेने चालला असेल तर मधल्या काळात भीतीचे गुण थोडे वाढूही शकतात. कारण मुलगी पहिल्यांदाच घरात झोपायचा प्रयत्न करत असते. ते वाढणं पाहून घाबरून उपचार सोडायचा नसतो.

आपोआप किती कमी झालं असतं?

तिसरी फसगत काळाची. लातूर म्हटलं की 'लातूर पॅटर्न' आठवतो. दहावी, बारावी, मेडिकलची प्रवेश परीक्षा, यासाठी लांबलांबून मुलं इथे येऊन राहतात. परीक्षेच्या महिन्यात एखाद्या मुलाची चिंता मोजली आणि नंतर सुट्टीत पुन्हा मोजली, तर गुण धाडकन खाली आलेले दिसतील. मधल्या काळात त्याला समुपदेशन दिलं काय, ताईत बांधला काय, नाहीतर काहीच केलं नाही काय, गुण उतरणारच होते. माणूस दवाखान्यात जातो तेच त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेली गोष्ट पुष्कळदा आपोआप थोडी खाली येते. मग श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं.

हे ओळखण्याचा एकच मार्ग आहे, तुलना. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांना चिंतेचा आजार होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एकाला सीबीटी, एकाला औषध, एकाला दोन्ही, आणि एकाला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बारा आठवड्यांनी ज्यांनी तपासणी केली, त्यांना कोणत्या मुलाला काय दिलं होतं हे सांगितलेलं नव्हतं, म्हणजे मनात आधीच मत बनायला नको. दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं लक्षणीय सुधारली. नुसत्या सीबीटीने ६० टक्के, नुसत्या औषधाने ५५ टक्के. आणि खोट्या गोळीने? २४ टक्के. म्हणजे जवळपास चारातलं एक मूल खऱ्या उपचाराशिवायही सुधारलं होतं. तो चौथा गट नसता तर ते सगळं श्रेय उपचाराच्या खात्यावर पडलं असतं.

तुलनेचं दुसरं उदाहरण किल्लारीला अधिक जवळचं आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला. किल्लारीचा पहाटेचा, तो दिवसाचा, मुलं शाळेत असतानाचा. गुमरी या शहरातल्या शाळांमध्ये भूकंपानंतर दीड वर्षाने आर्मेन गोएंजियन आणि सहकाऱ्यांनी मुलांची तपासणी केली. काही शाळांमधल्या मुलांना आघात आणि दुःख यांवर बोलण्याचे उपचार मिळाले, काही शाळांमध्ये ते पोचू शकले नाहीत. भूकंपानंतर तीन वर्षांनी ६४ मुलांची पुन्हा तपासणी झाली, ३५ उपचार मिळालेली आणि २९ न मिळालेली. उपचार मिळालेल्यांचा आघातानंतरचा त्रास कमी झाला होता. न मिळालेल्यांचा वाढला होता. 'काळ हेच औषध' असं आपण सहज म्हणतो. त्या मुलांच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही.

पण या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट उदासीविषयीची आहे. उपचार मिळालेल्या मुलांच्या उदासीत काहीच फरक पडला नव्हता, आकडे जागच्या जागी होते. नुसतं एवढंच पाहिलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, उपचार वाया गेला. पण न मिळालेल्या मुलांची उदासी त्या काळात बरीच वाढली होती. म्हणजे उपचाराने मुलांना खाली घसरू दिलं नव्हतं. दुसऱ्या गटाचीही मोजणी झाली होती, म्हणून हे कळलं.

किती फरक म्हणजे फरक?

आता समजा, आपल्या मुलीचे गुण ३२ वरून ३० झाले. ती सुधारली का? सांगता येत नाही. तेच मूल एकाच आठवड्यात दोनदा तपासलं तरी दोन-तीन गुण इकडचे तिकडे होतात. झोप कमी झाली असेल, त्या दिवशी सरांनी रागावलं असेल. जुन्या वजनकाट्यावर दोनदा उभं राहिलं तर काटा जरा हलतोच. म्हणून काट्याच्या या हलण्यापेक्षा बदल मोठा आहे का, हे पाहायचं असतं. प्रत्येक चांगल्या प्रश्नावलीसाठी किती गुणांचा फरक भरवशाचा मानायचा, याचं गणित उपलब्ध आहे. गुण त्या वयाच्या इतर मुलांच्या नेहमीच्या पातळीत आले का, हेही पाहतात. गुण बरेच खाली आले तर सुधारणा नक्की आहे, पण मूल अजून आजारीच असू शकतं.

आणि एकदा गुण खाली आले म्हणजे काम संपलं, असंही नाही. मघाच्या अमेरिकन अभ्यासातल्या ३१९ मुलांची पुढे काही वर्षं दरवर्षी तपासणी केली. दर तपासणीत सलग आजारमुक्त आढळली अशी मुलं फक्त २२ टक्के होती. सुमारे ३० टक्के सतत आजारी राहिली आणि उरलेल्यांचं खालीवर चालू होतं. हे आकडे निराश होण्यासाठी नाहीत. उपचार संपल्यावरही सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एकदा तपासा, एवढाच त्यांचा अर्थ. किल्लारी परिसरात तर दर वर्षी ३० सप्टेंबरला आठवणी पुन्हा वर येतात. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. अशा वेळी पूर्वी बरं झालेलं मूल पुन्हा धास्तावलं, तर तो उपचाराचा पराभव नसतो. पण ते वेळेवर कळायला हवं.

मुलाच्या शब्दांत

शेवटचा मुद्दा भाषेचा. या प्रश्नावल्या इंग्रजीत तयार झाल्या. तिकडच्या एका शब्दासाठी आपल्याकडे भीती, काळजी, चिंता, घोर, धास्ती, धसका, हुरहुर असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी. 'त्याने धसका घेतलाय' असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा त्यात छातीतली धडधडही आली आणि त्यामागचा प्रसंगही आला. म्हणून नुसतं शब्दकोश उघडून भाषांतर चालत नाही. आधी मराठी करायचं, मग ते दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेऊन ताडायचं, मग इथल्या मुलांना बसवून विचारायचं, 'या वाक्याचा तुला काय अर्थ लागला?' एवढं केल्यावरच तो काटा आपल्या बाजारात चालतो.

एवढं करूनही, मुलाला जे सर्वांत जास्त खुपतं ते ठरावीक पंचवीस प्रश्नांत नसेलच तर? यावर गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचा अनुभव बोलका आहे. त्यांनी दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांमध्ये नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. या मुलांना चिंता, उदासी, राग असे वेगवेगळे त्रास होते. निम्म्यांना प्रशिक्षित समुपदेशकांनी अडचण सोडवण्याची पद्धत शिकवली, निम्म्यांना त्याच विषयाच्या चित्रपुस्तिका फक्त हाती दिल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. परिणाम दोन मापांनी मोजला. एक म्हणजे सर्वत्र वापरली जाणारी तयार प्रश्नावली. दुसरं साधं माप, मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या सर्वांत मोठ्या तीन अडचणी आणि प्रत्येक किती त्रास देते ते शून्य ते दहात. सहा आठवड्यांनी तयार प्रश्नावलीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींत मात्र दिसला, आणि बारा आठवड्यांनंतरही तो टिकून होता.

यातून तयार प्रश्नावल्या फेकून द्याव्यात, असं कुणी समजू नये. इतरांशी तुलना करायला त्या लागतातच. पण त्यांच्या शेजारी मुलाचे स्वतःचे शब्द ठेवले नाहीत, तर खरा फरक हातातून निसटू शकतो.

घरी काय करता येईल?

हे सगळं दवाखान्यातलं काम वाटेल, पण याचा एक साधा नमुना घरीही करता येतो. उपचार सुरू करतानाच मुलाला एकांतात विचारा, 'भीतीमुळे तुला करता येत नाहीत अशा तीन गोष्टी कोणत्या?' त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. प्रत्येकीला किती त्रास होतो ते शून्य ते दहात त्यालाच सांगू द्या. तारीख घाला. मग दर आठवड्याला एकाच ठरलेल्या दिवशी, शक्यतो एकाच वेळी, पुन्हा विचारा. शेजारी लिहा, त्या आठवड्यात ती गोष्ट किती वेळा प्रत्यक्ष केली. समुपदेशकाकडे जाताना वही बरोबर न्या. समुपदेशकाला दर आठवड्याला अशी माहिती मिळत राहिली तर मुलं अधिक वेगाने सुधारतात, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०११ साली दिसलं आहे. रेघ बरेच आठवडे हललीच नाही, तर उपचार बदलण्याविषयी मोकळेपणाने विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ही वही म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे. 'मागच्या आठवड्यात सहा होते, आता आठ कसे?' असं दरडावलं, की पुढच्या आठवड्यात मूल चार सांगेल आणि मनातलं मनात ठेवेल. आपल्याकडच्या मुलांना गुणांचा जाच आधीच पुष्कळ आहे, त्यात भीतीच्या गुणांची भर नको. शाळांनीही असे आकडे वर्गात वाचून दाखवू नयेत किंवा फळ्यावर लावू नयेत. आणि मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचं आलं, तर आठवड्याच्या नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतो, ही अडचण खरीच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे सात टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. म्हणजे पन्नासच्या वर्गात तीन-चार मुलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुलं फार वेगळी असतील असं मानायला आधार नाही. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन केला तर पहिली दिशा नक्की मिळते.

आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे परत येऊ. आईने वही घातली. पहिल्या पानावर मुलीने स्वतः लिहिलं होतं, 'घरात झोपता येत नाही. वरच्या वर्गात जाता येत नाही. पत्रा वाजला की पळावं वाटतं.' गुण नऊ, आठ आणि नऊ. सहाव्या आठवड्याला आई 'बरं हाय' म्हणाली, तेव्हा वहीत आठ, आठ, सात होते आणि घरात झोपल्याच्या रात्री शून्य. वही पाहून समुपदेशकाने उपचार थांबवला नाही, पायऱ्या लहान केल्या. आधी ओसरीत, मग दार उघडं ठेवून आत, मग दार लावून. सोळाव्या आठवड्याला सातपैकी सहा रात्री घरात, गुण तीन.

हे उदाहरण मी रचलेलं आहे. पण सहाव्या आठवड्याला थांबवलेले उपचार रचलेले नाहीत, ते पुष्कळ घरांत घडतात. मूल रडायचं थांबलं की आपणही विचारायचं थांबतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'लेकरू बरं आहे ना?', तर उत्तर देण्याआधी एकदा लेकराला विचारा, आणि ते काय म्हणालं ते तारीख घालून लिहून ठेवा. एवढंच सांगून थांबतो.